नावानिशी मत

माणसांच्या नगरपालिका निघायच्या कितीतरी आधी एका तळ्यात खेकड्यांची पालिका होती. नगरसेवक निवडून यायचे. मुख्याधिकारी मात्र कायम बगळाच.

नव्यानं निवडून आलेली कोंडाताई पहिल्यांदाच सभेला बसली.

"पूर्वेचा काठ यापुढे माझ्याकडे. मंजूर?" बगळ्यानं विचारलं.

पाणी हललं, तशा सगळ्या नांग्या वर झाल्या. कोंडाताईनं शेजारच्याला हळूच ढोसलं. नुसतंच कवच, आत पोकळ! सगळेच तसे.

"ताई, तुम्ही फक्त नांगी वर करा," बगळा मायेनं म्हणाला, "बाकी मी बघतो."

पण ताई म्हणाली, "माझा विरोध! प्रत्येकाचं नाव पुकारून मत घ्या."

नियमच होता. बगळ्यानं हसत पहिलं नाव पुकारलं.

"विरोध!" उत्तर आलं, ते त्याच्याच पोटातून.