आकड्याखालची लाल रेघ

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात केशव भिंगारे नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर राहत होते. गावात कुणाकडे सरकारी कागद आला, की तो आधी त्यांच्या ओट्यावर यायचा. मास्तर चष्मा लावायचे, कागद वाचायचे आणि त्याचा अर्थ सांगायचे. 'मला हे कळत नाही' असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी कांचन राहायची. तिला रेवा नावाची तीन महिन्यांची मुलगी होती. बाळंतपणानंतर कांचन फार आजारी पडली आणि तिचं दूध आटलं. म्हणून रेवाला पावडरचं दूध द्यावं लागे, आणि ते कालवायला घरच्याच विहिरीचं पाणी. आरोग्यसेविकेने त्या पाण्याची बाटली भरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. पंधरा दिवसांनी अहवाल आला. तो इंग्रजीत होता. कांचन तो घेऊन मास्तरांकडे गेली.

मास्तरांनी पहिली ओळ वाचली आणि मोठ्याने सांगितलं, "जंतू आढळले नाहीत. पाणी निर्मळ आहे बरं का तुझं!"

कांचनचा चेहरा खुलला. मग तिने खाली एके ठिकाणी बोट ठेवलं. "मास्तर, ह्या आकड्याखाली लाल रेघ कशाला मारलीय?"

तिथे 'नायट्रेट' असा शब्द होता. पाण्यात ते एकशे अठरा निघालं होतं आणि मर्यादा होती पंचेचाळीसची. आकडा मर्यादेच्या वर आहे, एवढं मास्तरांना दिसलं. पण नायट्रेट म्हणजे काय आणि ते जास्त झालं तर काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कागदाच्या तळाशी शंका विचारण्यासाठी फोन नंबर दिला होता. मास्तरांची नजर त्यावरून एकदा फिरली. पण ओट्यावर आणखी दोघे-तिघे बसले होते. त्यांच्यादेखत 'विचारून सांगतो' म्हणणं मास्तरांच्या जिवावर आलं.

"क्षार असतात ते," मास्तर म्हणाले. "सगळ्याच विहिरींत असतात. पाणी चांगलं उकळून देत जा, म्हणजे काळजी नको."

कांचनने ते मनावर घेतलं. आधी ती उकळी आली की पातेलं उतरवायची. आता पाणी निम्मं होईपर्यंत ते चुलीवर ठेवू लागली.

काही दिवसांनी रेवाचे ओठ निळसर दिसू लागले. मग नखं. दूध ओढताना तिला धाप लागायची. एका सकाळी तिला रडताही येईना. कांचन आणि तिचा नवरा भानुदास तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी रक्त काढलं, ते काळपट तपकिरी होतं. "पाण्यामुळे झालंय हे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लगेच औषध सुरू केलं, पण उशीर झाला होता. दुपारी रेवा गेली.

घरी सासू म्हणाली, "पाणी नीट उकळलं नसशील तू."

कांचनलाही तेच खरं वाटलं. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "मीच कमी पडले. अजून थोडं उकळायला हवं होतं."

मास्तर भेटायला गेले, तेव्हा त्यांनीही ते ऐकलं. त्यांना तिथे बसवेना. निघताना त्यांनी भानुदासकडून तो अहवाल मागून घेतला आणि घरी येऊन तळाचा नंबर फिरवला. पलीकडे एक मुलगी बोलत होती.

"काका, नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते मागे राहतं. उलट वाढतं. शेतातल्या खतातून पाण्यात उतरतं ते, आणि त्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. असलं पाणी तान्ह्या बाळाला अजिबात द्यायचं नाही. तुम्ही अहवाल आला तेव्हाच का नाही विचारलंत?"

दोन मिनिटांचं बोलणं होतं.

गावात मास्तरांना कुणी दोष देत नव्हतं. ते गप्प राहिले असते, तर कुणाला कळलंही नसतं. मास्तरांनी फोन खाली ठेवला. मग उठले आणि अनवाणीच शेजारी गेले.

"कांचन, तुझं काही चुकलं नाही," ते सासूसमोरच म्हणाले. "ते पाणी कितीही उकळलं तरी बाळाला चालणारं नव्हतं. त्या दिवशी मला तो शब्द कळलाच नव्हता, पोरी. कळल्यासारखं दाखवलं मी."

कांचनने त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मास्तर, तुम्ही तेवढं म्हणाला असतात, तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

सासूने पुढे होऊन तिला जवळ घेतलं. रेवा गेल्यापासून कांचन तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर तान्हं बाळ असलेल्या प्रत्येक घरी जाऊन, नायट्रेट उकळून जात नाही आणि असलं पाणी बाळाला द्यायचं नाही, हे सांगू लागले. आता कागदातला एखादा शब्द अडला, की ते सरळ म्हणत, "हे मला येत नाही. विचारू या." त्यामुळे त्यांचा मान कमी झाला नाही. लोक पूर्वीसारखेच ओट्यावर येत राहिले.

कांचनने मात्र त्यांच्याकडे पुन्हा कधीच कागद नेला नाही.

तात्पर्य: पाण्याच्या अहवालातली एक ओळ चांगली निघाली म्हणून पाणी चांगलं ठरत नाही; जी ओळ कळली नाही, ती जाणकाराला विचारावी. 'मला माहीत नाही' म्हणण्याची लाज क्षणभराची असते, पण न कळता दिलेला धीर कुणाच्या जिवावर बेतू शकतो.