घासून आलेली कळशी

“मग यंदाचा मध कुणाला दिलास?” भैरवगिरी गोसाव्यांनी विचारलं.

“कंपनीच्या साहेबाला!” तुळाजीराव खाली बसायलाही तयार नव्हता. “बुवा, आता मोठ्या दरबारात जाणं नाही, मुजरा नाही! साहेब म्हणाला, गडाचे धनी तुम्हीच. दरबाराशी संबंध तोडल्याच्या कागदावर शिक्का उमटवला की झालं. मी आता कुणाचा कुणी लागत नाही!”

करवंदगडाचा हा तरुण राजा नुसता उड्या मारायचा बाकी होता. शिक्का मुठीत होता. कागद घेऊन आलेला साहेबाचा स्वार मठाबाहेर उभा होता. बुवांचा आशीर्वाद तेवढा राहिला होता.

करवंदगडाहून दर दसऱ्याला मोठ्या दरबारात मधाची कळशी जायची, तीही पिढ्यान्‌पिढ्या. मुजरा करून ती पुढे ठेवायची. आणि ती कधी रिकामी परत आली नव्हती. कधी तिच्यात शेला यायचा, कधी केशर. तुळाजीच्या वडिलांच्या वेळी एके साली पाऊस रुसला, तेव्हा तिच्यात ओंजळभर नाचणी आली, आणि मागोमाग नाचणीने लादलेल्या बैलांचा तांडा गड चढून आला.

“कळशी आली का परत?”

“आली ना! बघा तरी कशी लखलखतेय. साहेबानं साबण लावून घासून पाठवली!”

“आत काय होतं?”

“आत...? काही नाही. त्यांच्यात तशी रीत नाही म्हणे.” तुळाजीराव हसला. “बरंच झालं की! उपकार नकोत कुणाचे.”



बुवांनी तुळाजीने आणलेली केळ्यांची टोपली पुढे ओढली. केळी काढून चटईवर ठेवली. टोपली उलटी करून तळाला चिकटलेलं पानही झटकलं, आणि टोपली त्याच्या हाती दिली.

तुळाजीराव बघतच राहिला. लहानपणापासून या मठातून टोपलीत काहीतरी यायचंच. भाकरीचा तुकडा, चिमूटभर अंगारा, अगदीच काही नसलं तर तुळशीचं पान.

“बुवा... रिकामी?”

“हं.”

“अहो, शेजारीण ताकाचं भांडं परत देते ना, तीसुद्धा त्यात चार शेंगा घालते! आणि तुम्ही मला...” फार लागलं होतं त्याला. “माझं काय चुकलं, ते तरी सांगा!”

बाहेरून स्वाराची हाक आली, “राजेसाहेब, उशीर होतोय!”

तुळाजीराव हलला नाही. मुठीतला शिक्का घामाने ओला झाला होता.

बुवांनी शांतपणे एक केळं सोललं.

“चुकलं काहीच नाही, तुळाजी. तूच म्हणालास ना... तू आता कुणाचा कुणी लागत नाहीस.”