नऊ हात

फार फार वर्षांपूर्वी, राज्यांच्या सीमा ओढ्यांनी आणि डोंगरांनी ठरत असत त्या काळी, एका विस्तीर्ण खंडावर नऊ राज्ये नांदत होती. नांदत कसली, भांडतच होती. कधी कुरणावरून, कधी घाटातल्या वाटेवरून. कधी कधी तर भांडणाचे कारणही कुणाला आठवत नसे, पण तलवारी मात्र निघत.

त्यांतले सर्वांत लहान राज्य पूर्वेच्या टोकाला, उघड्या माळावर होते. तिथे एक बाई राहत होती. तिचा नवरा एका लढाईत गेला, दोन भाऊ दुसऱ्या लढाईत गेले. घरात ती आणि तिची धाकटी बहीण एवढ्याच उरल्या. बहिणीने चूल सांभाळली. थोरली मात्र पायांत वहाणा चढवून घराबाहेर पडली.

बारा वर्षे तिने नऊ दरबारांच्या पायऱ्या झिजवल्या. "एकदा एकत्र बसा," एवढेच ती सांगे. कुणी तिला हसले, कुणी दारातूनच परत पाठवले. तिने चिकाटी सोडली नाही. अखेर नद्यांच्या संगमावर नऊही राजे एका सतरंजीवर बसले आणि त्यांचा संघ झाला.

मग वाटेवरचे नाके उठले. एका राज्याचे मीठ दुसऱ्या राज्यात बिनदिक्कत जाऊ लागले. संगमावर सभागृह उभे राहिले आणि त्याच्या शेजारी एक भलेमोठे सामाईक कोठार. दर सुगीला प्रत्येक राज्य त्यात आपला वाटा टाकी. लोक त्या बाईला आदराने अक्का म्हणू लागले, आणि तिच्या राजाने आपल्या वतीने सभेत बसायला तिलाच पाठवले.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला की, अडीअडचणीला कोठार उघडायचे ते कुणाच्या होकाराने? मोठी राज्ये म्हणाली, "पाच हात वर झाले की पुरे."

अक्का उठली. "आम्ही लहान माणसं," ती म्हणाली. "पाच मोठे एक झाले, तर आमच्यादेखत आमचं धान्य घेऊन जातील. नऊही हात वर झाल्याशिवाय कोठाराची कडी निघू नये."

तिचे बोलणे रास्त होते. सर्वांना पटले. तसा नियम झाला.

पुढे कित्येक वर्षे सुखाची गेली. आणि मग एका वर्षी, कणसांत दाणा भरत असताना, माळावर टोळधाड आली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी टोळ उडून गेले तेव्हा शेतात धाटसुद्धा उरले नव्हते.

माळावरचा घोडेस्वार सभेत येऊन पोचला. त्याने आधी राजाचा निरोप सांगितला आणि मग अक्काला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या बहिणीनं सांगितलंय, घरात पंधरा दिवसांचं धान्य आहे. घाई कर म्हणाल्या, पण जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

संगमापासून माळ गाडीने सहा दिवसांच्या वाटेवर होता. अक्काने त्याच दुपारी सभेपुढे पदर पसरला. सात हात लगेच वर गेले. तिचा आठवा. नववा हात मात्र खालीच राहिला. तो पश्चिमेच्या राज्याच्या प्रतिनिधीचा होता.

तो काही दुष्ट माणूस नव्हता. अक्का रोज त्याच्या मुक्कामी जाई, तेव्हा तो उठून तिला बसायला देई, गूळपाणी पुढे करी. "अक्का, मला तुमचं दुःख कळतं," तो म्हणे. "पण टोळ उद्या आमच्याकडे वळले तर? आमच्या राजाला विचारल्याशिवाय हात कसा वर करू? निरोप धाडलाय. उत्तर येऊ द्या."

राजा शिकारीला दूरच्या रानात गेला होता. उत्तर येईना.

अक्का बाकीच्या सातांकडे गेली. "संघाचं राहू द्या. तुमच्या तुमच्या घरच्या कोठारातलं चार गाड्या धान्य द्या," ती म्हणाली.

सातही जण हळहळले. "एकेकट्यानं दिलं तर संघाचा मान काय राहील?" ते म्हणाले. "संघातूनच जाईल की. थोडा धीर धरा."

शेवटी ती सभेच्या वृद्ध अध्यक्षांपुढे उभी राहिली. "आठ हात झालेत, महाराज. आठ हातांवर कडी काढा."

अध्यक्षांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "अक्का, नियम तुम्हीच केलेला आहे."

अक्का पुन्हा पश्चिमेच्या प्रतिनिधीच्या मुक्कामाकडे निघाली.

एकतिसाव्या दिवशी पश्चिमेच्या राजाचा होकार आला. नऊ हात वर गेले. नऊ राज्यांच्या एकीची तारीफ करणारी भाषणे झाली, आणि मग चाळीस गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीत अक्का होती. वाटभर ती गाडीवानाला एवढेच म्हणत होती, "बैल थोडे जोरात हाक, बाबा."

गाड्या माळावर पोचल्या तेव्हा एकाही घरातून धूर निघत नव्हता. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. वेशीपाशी गावचा म्हातारा पाटील भिंतीला टेकून बसला होता. त्याने पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढून निरखले.

"धान्य चांगलं आहे, अक्का," तो म्हणाला. "पेरायला होईल."

घराच्या दारात शेजारीण भेटली. तिच्या काखेत एक लहान मूल होते. "शेवटचं पीठ तुमच्या बहिणीनं आम्हा लेकुरवाळ्यांना वाटलं," ती म्हणाली. "आम्ही नको म्हणालो, तर म्हणाली, घ्या गं, अक्काच्या गाड्या वाटेत असतील. मग आठव्या दिवशी गेली."

अक्का आत गेली. चुलीतली राख गार होती. ती तिथेच बसून राहिली.

महिन्याने ती पुन्हा सभेत आली. म्हणाली, "माझा नियम मोडा. ज्याला देता येईल त्यानं त्याच दिवशी द्यावं, कुणाला विचारू नये. आणि कोठाराला पाच हात पुरेत."

या वेळी राजाला विचारायला कुणी थांबले नाही. नऊ हात एका क्षणात वर गेले. अक्काने ते एकेक करून पाहिले.

"हेच हात तेव्हा हवे होते," ती म्हणाली, आणि सभागृहाच्या पायऱ्या उतरून माळाकडे निघाली. त्यानंतर कोठाराने अनेक दुष्काळ तारले, पण अक्का सभेत पुन्हा कधी दिसली नाही.

म्हणून शहाण्यांनी सांगितले आहे: भुकेल्याला सगळ्यांच्या उद्याच्या होकारापेक्षा एकाची आजची भाकर तारते.