दोन दांड्यांमधली जागा

"भन्ते, माझा पोरगा मला परत कधी देता?"

काटोलकडच्या एका लहानशा विहाराच्या पायरीवर दौलतराव खोब्रागडे उभे होते. चपला काढल्या होत्या. आवाज मात्र खाली ठेवला नव्हता.

भन्ते विनयशील ओसरी झाडत होते. म्हणाले, "मी घेतला असता तर दिला असता."

"मग इथं काहून राहतो तो?"

"संत्र्याची बाग बघतो. छोटा ट्रॅक्टर चालवतो. कधी कधी हसतो."

"घरी तर कधी हसला नाही..."

भन्ते झाडत राहिले.

दौलतरावांची सारी उमर एसटीच्या डेपोत इंजिनं उघडण्यात गेली होती. एकुलता एक सुगत त्यांच्याच हाताखाली शिकला. पण त्यानं पाना धरला की बाप तो काढून घ्यायचा. एक दिवस पाना तिथंच ठेवून सुगत निघून आला.

"त्याची आई दोन घास खाते अन् दाराकडे बघत बसते," दौलतराव म्हणाले.

तेवढ्यात बागेतून आवाज आला. किर्रर्र... लोखंडावर लोखंड.

दौलतरावांची मान वळली. "क्लचची दांडी घासते आहे," म्हणत ते निघालेसुद्धा.

सुगत ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. पायाच्या फळीखाली क्लचची आणि ब्रेकची, अशा दोन दांड्या शेजारी शेजारी होत्या. त्यांना धरणारी पट्टी वाकली होती. त्यामुळे क्लच दाबला की त्याची दांडी ब्रेकच्या दांडीला घासायची आणि तिलाही सोबत ओढायची.

बापाला बघून सुगत उठला.

"दे इकडे."

सुगतनं पाना दिला आणि बाजूला सरकला. नेहमीसारखा.

"ढिलं राहिलं की घासतंच," दौलतराव म्हणाले, आणि पट्टीचा एकेक नट कचकचून आवळला. मग सीटवर बसून त्यांनी इंजिन चालू केलं.

ट्रॅक्टर जागचा हलेना. आवळल्यानं दांड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, ब्रेकच धरून बसला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं. बाग गप्प झाली...

भन्ते मागून येऊन उभे राहिले होते. "यातली एक दांडी काढूनच टाकली तर?"

"काढून कसं जमेल, भन्ते?" दौलतराव जवळजवळ खेकसले. "एक चालायला, एक थांबायला. दोन्ही पाहिजेत. फक्त मधात जागा पाहिजे. एवढीशी..."

त्यांनी अंगठा आणि बोट जरासं दूर धरून दाखवलं.

हात तसाच राहिला. ते त्या फटीकडे बघत राहिले. मग बाजूला उभ्या असलेल्या मुलाकडे.

त्यांनी पाना पुढे केला.

"सुगत... नट सैल कर. पट्टी मी सरळ करतो."

सुगतनं पाना घेतला. "बाबा, पट्टी मी करतो. तुम्ही दांडी बाजूला दाबून धरा."



इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यासकट ते मातीत आडवे झाले.

"अजून दाबा."

"दाबली."

"बस... बस, बाबा."

दोघं बाहेर आले तेव्हा बापाच्या कपाळावर ग्रीस लागलं होतं. सुगतनं आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते पुसलं.

"आई कशी आहे?"

"वाट बघते."

"रविवारी येतो. बागेला पाणी देऊन."

'आत्ताच चल' हे शब्द दौलतरावांच्या ओठांपर्यंत आले होते. ते म्हणाले, "ये."

सुगत ट्रॅक्टरवर बसला. त्यानं क्लच दाबला, सोडला. आवाज नाही, हिसका नाही. ट्रॅक्टर संत्र्यांच्या ओळीत शिरला.

दौलतराव त्याच्यापुढे धावले. हात उंच करून ओरडू लागले, "डावीकडे घे! अरे, डावीकडे!"

भन्ते त्यांच्या शेजारी आले. तो उंचावलेला हात त्यांनी हलकेच धरला आणि खाली आणला.

"दौलतराव, झाडं त्यालाही दिसतात."