गेनू न्हाव्याचं फडकं

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणजोबांच्या डोक्यावर अजून केस होते त्या काळी, आमच्या गावात गेनू न्हावी राहायचा. गावाची सगळी डोकी त्याच्या हाताखालून जायची. त्यामुळे कुणाचं डोकं कशानं दुखतंय, हे त्याला वस्तरा टेकवायच्या आधीच कळायचं, असं म्हणतात.

डोकं चहूबाजूंनी आवळल्यासारखं वाटलं, की तो मानेला तेल चोळायचा. वाकल्यावर कपाळ ठणकलं, की वाफ घ्यायला सांगायचा. उपाशी माणसाला तर सरळ भाकरी खायला बसवायचा. आणि तापात मान ताठली, हनुवटी छातीला टेकेना, की स्वतः बैलगाडी जुंपून तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायचा. तिथं आपली हुशारी चालवायची नाही, एवढी अक्कल त्याला होती. सगळ्यांना कुठं असते?

एकदा मानाजी लोहाराच्या सुनेचं, गोजराचं डोकं उठलं, ते तीन दिवस राहिना. उजेड बघवेना, ओकाऱ्या थांबेनात. तेव्हा गावात अशा डोक्याला डाग द्यायची रीत होती. मानाजीची सुनेवर लेकीसारखी माया, पण त्याला दुसरं काही सुचेना. घरचीच भट्टी, घरचीच सळई. त्यानं ती तापवून लाल केली. गोजरा डोळे मिटून भिंतीला टेकली होती.

तेवढ्यात गेनू धावत आला. परक्याच्या सुनेच्या डोक्याला न्हाव्यानं हात लावायचा नसे. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि तिला हनुवटी छातीला लावायला सांगितली. ती लागली. अंगात तापही नव्हता. मग त्यानं कुठं दुखतंय ते विचारलं.

"अर्धंच डोकं, मामा," गोजरा म्हणाली. "आधी डोळ्यांपुढं चांदण्या नाचतात. आणि घणाचा घाव न् घाव इथं बसतो."

तीन दिवस अंगणात घण चालू होता तो मानाजीचाच. सळई धरलेला त्याचा हात खाली आला.

"अर्धशिशी आहे ही," गेनू म्हणाला. "हिला डाग नको. अंधार द्या, शांतता द्या."

मानाजीनं सळई पाण्यात विझवली, खिडकीला घोंगडी लावली आणि घण कोपऱ्यात ठेवला. गेनूनं देवळात जाऊन घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं. मग कोंबडे गप्प झाले, ओढासुद्धा आवाज न करता वाहू लागला, असं म्हणतात. खरंखोटं ओढ्याला ठाऊक. गोजरा दिवसभर झोपली. दिवेलागणीला उठली आणि भाकरी मागितली, तेव्हा कुठं मानाजीचा जीव भांड्यात पडला. म्हातारा रडला आणि हसलाही.

अजूनही गावात कुणाची अर्धशिशी उठली, की घरचं कुणीतरी देवळात जाऊन घंटेला फडकं बांधतं. ते गेनूचं फडकं. ते दिसलं, की सगळ्यात आधी घण थांबतो तो मानाजीच्या खापरपणतूचा. कुणासाठी, हे तो कधी विचारत नाही.