तुळशीरामची गाडी सासुरवाडीला जाते

एका गावात एक भोळा मोटारवाला होता. त्याचं नाव तुळशीराम. मोटार त्याने नुकतीच घेतली होती. भोळा तो पहिल्यापासून होता.

गाडी डिझेलची, जुनी आणि स्वस्त. इतकी स्वस्त, की पैसे हातात पडताच विकणाऱ्याने घराचं दार आतून लावून घेतलं. एके काळी ती पांढरी होती, आता उतू गेलेल्या चहाच्या रंगाची झाली होती. तिला आरसा एकही नव्हता.

"मागचं दिसणार कसं?" त्याच्या बायकोने, चंद्रकलाने विचारलं.

"मागचं कशाला बघायचं? आपल्याला पुढं जायचंय," तुळशीराम म्हणाला.

गावात इंजिनातलं कळणारा एकच माणूस होता, दगडूआप्पा. त्यांची पिठाची गिरणी होती. गावात वीज येण्याआधी ती डिझेल इंजिनावर चालायची. इंजिन त्यांचा नोकर सांभाळायचा, पण आप्पांचं वय झालं होतं, त्यामुळे सगळं आप्पांनाच कळायचं. गिरणीच्या ओट्यावर बसल्या बसल्या, गाडीकडे न बघता, ते नुसत्या आवाजावरून तिचा दोष सांगत.

पहिल्याच सकाळी गाडी सुरू होईना. तुळशीराम ओट्याशी गेला.

"आप्पा, गाडी नुसती कण्हतेय."

"डिझेलची गाडी आहे, तुळशा. रात्रभर गारठते. आधी गरम कर, मग चावी मार. एवढंही कळत नाही?"

"आलं ध्यानात," तुळशीराम म्हणाला आणि घरी आला.

त्याने चंद्रकलाची नवी गोधडी बॉनेटवर पांघरली. गाडीखाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला देतात तशी ओव्याची धुरीसुद्धा दिली. गाडी काही सुरू झाली नाही. गोधडी मात्र लगेच पेटली.

आप्पांनी डोक्याला हात लावला. "अरे शहाण्या, चावी अर्धी फिरवून थांबायचं! आतला हीटर इंजिनाला गरम करतो."

"मग पहिल्यांदाच तसं का नाही सांगितलं?" जळकी गोधडी काखेत घेऊन आलेल्या चंद्रकलाने विचारलं.

"बायकांना यातलं काय कळतं?" आप्पा म्हणाले.

तुळशीरामने मात्र धडा डोक्यात पक्का बसवला. गाडी अडली, की ती गारठलेली असते.

मग दोघं आठवडी बाजाराला निघाली. खिंडीच्या चढावर गाडी गुरगुरली, हिसके देऊ लागली आणि थांबली. बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले.

"अहो, तापलीय ती!" चंद्रकला ओरडली.

"अगं, थंडीत आपल्या तोंडातून वाफ येते की नाही? गारठलीय बिचारी." त्याने चंद्रकलाची शाल ओढली, बॉनेटभोवती गच्च गुंडाळली आणि चावी अर्धी फिरवून प्रेमाने थांबून राहिला. आत काहीतरी फाटकन फुटलं. बाजार राहिला, दोघं चालत घरी आली.

आप्पा कडाडले, "इंजिन तापलं होतं! गाडीला तहान लागली, की पाणी पाजायचं. एवढंही कळत नाही?"

"आलं ध्यानात," तुळशीराम म्हणाला.

रेडिएटर दुरुस्त झाला. पुढच्या वेळी गाडी घराच्या दारातच खोकून बंद पडली, कारण तिच्यातलं डिझेल संपलं होतं. तुळशीरामने टाकीचं झाकण उघडलं, आत काडी घालून बघितली. काडी कोरडी आली.

"बघ, घसा कसा सुकलाय!" तो हळहळला. चंद्रकला विहिरीवरून पिण्याच्या पाण्याचा हंडा घेऊन येत होती. त्याने तो तिच्या डोक्यावरूनच उचलला आणि घटाघटा टाकीत ओतला. वर कळशीसुद्धा पाजली.

आता मात्र चंद्रकलाने पिशवी भरली. "मी माहेरी चालले. अधिक महिना आहे, बाबा तुम्हाला धोंड्याच्या जेवणाला बोलावणारच आहेत. या गाडीतून या आणि या गाडीत बसवून मला घरी आणा. तसं झालं नाही, तर गाडी भंगारात घाला. गाडी भंगारात जाईपर्यंत मी येत नाही."

ती एसटीने निघून गेली. तुळशीरामला रात्रीचं जेवण गेलं नाही. एक तर चंद्रकलावर त्याचा फार जीव होता, आणि दुसरं म्हणजे जेवण केलंच नव्हतं.

मेकॅनिकने टाकी उपसून धुतली, नवं डिझेल भरलं. आप्पांनी ओट्यावरून हुकूम सोडला, "टाकी रिकामी झाली होती ना? मग आत हवा शिरते. डिझेलच्या गाडीत हवा राहिली, की ती अडखळते. फुस्स आवाज येईपर्यंत हवा काढायची."

"कुठली हवा, आप्पा?"

"आतली! एवढंही कळत नाही?"

"आलं ध्यानात," तुळशीराम म्हणाला.

धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. तुळशीराम इस्त्रीचे कपडे घालून निघाला. वेशीबाहेर गाडी अडखळली. त्याला धडा आठवला. तो उतरला, चाकापाशी बसला आणि हवा काढली. फुस्स! किती सोपं होतं! त्याने चारही चाकांची हवा काढली. पुन्हा अडखळली तर वेळ जायला नको, म्हणून डिकीतल्या जादा चाकाचीही काढली. मग चावी मारली. मारतच राहिला. शेवटी चावी फिरवली तरी नुसता 'टक' एवढाच आवाज येऊ लागला.

तो धावत ओट्याशी आला. आप्पांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांनी दोघा-तिघांना हवा भरायला आणि इंजिनाच्या पंपापाशी अडकलेली हवा काढायला पाठवलं. स्वतः अर्थातच उठले नाहीत.

"आता नीट ऐक. चाव्या मारून मारून बॅटरी उतरलीय. गाडी धक्क्यावर सुरू करायची. जे कोणी असतील त्यांना मागे लावायचं, ढकलायला सांगायचं. आणि एकदा सुरू झाली, की मुक्कामाला पोचेपर्यंत थांबायचं नाही. कुणी हाका मारो, हात करो, थांबायचं नाही!"

"आलं ध्यानात," तुळशीराम म्हणाला. या वेळी खरोखरच आलं होतं.

गावकऱ्यांनी धक्का दिला आणि गाडी सुटली, ती थेट सासुरवाडीच्या अंगणात जाऊन थांबली. सासरे सर्जेराव दारात उभेच होते. हे डबडं इथवर येत नाही, असं ते सकाळपासून सगळ्यांना सांगत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं. चंद्रकलाची मान मात्र ताठ झाली.

"बघितलंत, बाबा? आले की नाही?"

जावयाला ओवाळलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, पंगत झकास झाली. चंद्रकला जरीची साडी नेसून, अनारशांचा डबा घेऊन गाडीत मागच्या सीटवर ऐटीत बसली. तुळशीरामने चावी फिरवली.

टक.

"काळजी नको," तो म्हणाला. "सगळ्यांनी मागे लागा. चंद्रकला, तूसुद्धा."

"मी? या साडीत?"

"आप्पांनी सांगितलंय, जे कोणी असतील त्यांनी."

सगळं अंगण बघत होतं. आज गाडी सुरू झालीच पाहिजे होती. चंद्रकलाने डबा सीटवर ठेवला, पदर खोचला आणि वडिलांच्या शेजारी उभी राहून सगळा जोर लावला. गाडी हलली, पळाली, धडधडली. काळ्या धुराचा एक ढग सर्जेरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसला.

"अहो, थांबा! मी राहिले!" चंद्रकला मागे धावत ओरडली.

तुळशीरामला हाक ऐकू आली, पण शब्द काही कळले नाहीत. त्याचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा. पण आप्पांचे शब्द आठवले आणि त्याने पाय मागे घेतला. खिडकीतून हात बाहेर काढून तो ओरडला, "छान चाललंय गं! असंच चालू दे!"

गाडी खिंडीत आली. चढावर तिचा वेग कमी झाला. तुळशीरामचं मन कळवळलं. "दमलीस का?" त्याने खिडकीतून विचारलं. "थोडंच राहिलंय आता." उतार लागल्यावर गाडी भरधाव निघाली. बायकोच्या अंगात एवढी ताकद आहे, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं.

गिरणीपाशी त्याने गाडी थांबवली. सबंध रस्त्यात ती एकदाही थांबली नव्हती. आप्पा आनंदाने आयुष्यात पहिल्यांदा ओट्यावरून उतरले आणि गाडीपाशी आले. त्यांनी मागच्या सीटवर नजर टाकली. तिथे अनारशांचा डबा होता.

"तुळशा, सूनबाई कुठंय?"

"मागे आहे."

"मागे कुठं?"

"ढकलतेय ना, आप्पा. एवढंही कळत नाही?" तुळशीराम म्हणाला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, रिकाम्या रस्त्याकडे बघत त्याने मायेने हाक दिली, "चंद्रकला, पुरे कर आता! घर आलं!"