सगळ्या वाफ्यांना पाणी

एकदा एक शिष्य पुष्कळ वर्षांनी आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारी आला. नमस्काराला वाकताना त्याच्या खिशातला मोबाइल निसटून गुरुजींच्या पावलांवर पडला. "आधी यालाच आशीर्वाद देतो," गुरुजी हसून म्हणाले. शिष्याला, म्हणजे सुधन्वाला, हसू आले नाही.

त्याच्या आईला काचबिंदू झाला होता. शस्त्रक्रिया लवकर करा, गेलेली दृष्टी परत येत नाही, असे डॉक्टरांनी दिवाळीपूर्वीच बजावले होते. आता उन्हाळा लागला होता. सुधन्वा काही आळशी मनुष्य नव्हे. त्या डॉक्टरांच्या रुग्णालयापेक्षा चांगले कुठले, म्हणून त्याने व्हिडिओ पाहिले, ग्रुपवर विचारले. प्रत्येकाने निराळे नाव सुचवले. ती नावे शोधता शोधता ऑफिसचे निरोप येत, त्यांना उत्तरे देता देता बातम्या, बातम्यांवरून वाद. आरंभ त्याने सगळ्याचाच केला होता. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी त्याची गत झाली आणि आईच्या डोळ्यांचे घोंगडे भिजत पडले. आई एवढेच म्हणे, "तुझं आवरलं की जाऊ रे." हल्ली ती भिंतीला हात लावत चालते, हे पाहून त्याच्या काळजाला घरे पडत. मग तो पुन्हा मोबाइल उघडून बसे. अपराधी मनाला तेवढीच पळवाट.

"गुरुजी, डोकं इतकं भरलंय की हातून काहीच घडत नाही. एखादी साधना सांगा."

निवृत्तीनंतर गुरुजी घरामागच्या तुकड्यात भाजी पिकवत. "वीज आहे तोवर मिरचीला पाणी देऊ, चल," असे म्हणून त्यांनी विहिरीवरची मोटार सुरू केली. पाट वाहू लागताच खोरे घेऊन त्यांनी एकामागून एक सगळ्या वाफ्यांची तोंडे उघडून टाकली आणि स्वस्थपणे बांधावर येऊन बसले.

सुधन्वाचे बालपण शेतात गेले होते. दारे कशी धरतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. एका वाफ्याचे तोंड उघडावे, तो भरला की मातीने बुजवावे, मग पुढचा. इथे मात्र पाणी प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी येई आणि चिखल करून तिथेच जिरून जाई. रोपांपर्यंत ओल पोचेना. शेवटच्या वाफ्यात तर रोपांनी माना टाकल्या होत्या. गुरुजींचे वय झाले, असे त्याच्या मनात येऊन गेले.

"असं कसं चालेल, गुरुजी? एकेक वाफा भरायला हवा!"

"मला सगळीच रोपे प्रिय. कोणाचे तोंड बुजवू?"

"पण अशानं एकही जगायचं नाही! त्या शेवटच्याला आत्ता हवंय. बाकीचे थांबतील की..."

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

गुरुजी म्हणाले, "विहिरीला पाणी आहे, मोटारीला वीज आहे. उणे आहे ते बुजवण्याचे धैर्य. बाळा, तू डोके भरले म्हणतोस. पाट भरलेलाच दिसतो, कोरडा राहतो तो वाफा. आणि ज्याचे तोंड बुजवले, त्याच्यावर काही अन्याय होत नाही. त्याचीही पाळी येते."

"आणि जे वाळलं ते, गुरुजी?"

तो रोपांविषयी विचारत नव्हता, हे दोघांनाही कळले. गुरुजींच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "ते गेले. मी खोटा धीर देणार नाही. जे जिवंत आहे, त्याला आधी पाणी."

सुधन्वाने खोरे उचलले. एकेक तोंड बुजवत तो गेला आणि शेवटचे तेवढे उघडे ठेवले. पाणी वळले आणि रोपांच्या बुडाशी पसरू लागले. चिखलाच्या हातानेच त्याने मोबाइल काढला. निरोपांची रांग लागलेली होती, ती त्याने उघडली नाही. ज्या डॉक्टरांनी आईला तपासले होते, त्यांच्याच रुग्णालयाला त्याने फोन लावला. मग घरी लावला.

"आई, उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय. मी रात्रीपर्यंत पोचतो."

"आवरलं का रे तुझं सगळं?"

"नाही आवरलं, आई. तरी जायचं."

"बरं. मग पिवळी साडी काढून ठेवते. तो रंग अजून दिसतो मला."

वाफा भरला होता. सुधन्वाने डोळे पुसले, वाफ्याचे तोंड मातीने बुजवले आणि पुढच्याचे उघडले.